भावाच्या नावाचं माप

धुळ्याच्या सायकल शर्यतीत मी शेवटून पहिला आलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून पराक्रमाची अपेक्षा करणार नाही. माझा मित्रही माझ्यासोबत शेवटून पहिलाच आला. फरक एवढाच, की मला त्याहून बरं काही जमणारच नव्हतं आणि तो मात्र पहिल्या तिघांत सहज बसला असता. तो शर्यतीत अर्ध्यावर थांबला तो पाय दुखले म्हणून नाही. मुळात तो धुळ्याला शर्यतीसाठी गेलाच नव्हता. तो आपल्या थोरल्या भावाला घरी जेवायला बोलवायला गेला होता.

जेवायला बोलवायला एवढा उपद्व्याप कशाला, असं कोणी म्हणेल. पण ते जेवण साधं नव्हतं. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे आणि नथ लावून देवी मांडतात, गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला बोळवतात. त्या सणाचं जेवण म्हणजे रोट. मित्राच्या घरची रीत अशी, की रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ असे मोजून घ्यायचे. मुलगा पाळण्यात असला तरी त्याच्या नावाची सव्वा मूठ. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. आणि हे सगळं खायचं ते फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याच्या पानात त्यातला कणही पडत नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. मित्राची बहीण कानबाईला माहेरी यायची, तर तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक व्हायचा. मी तर एरवी त्या घरात न विचारता ताट ओढून बसणारा, पण त्या दिवशी मित्राची आई मला दारातूनच हसून परत पाठवायची. तिला आम्ही सगळे मायच म्हणायचो. वास घेत घरी जायचं आणि आपल्या घरची कोबीची भाजी खायची, असा माझा कानबाईचा सण असायचा.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. आम्ही दोघं जळगावात पिंप्राळ्याला एकाच गल्लीत राहायचो. मी कॉलेजात नाव घालून घरच्यांच्या जिवाला घोर लावत होतो आणि तो एका केळीच्या व्यापाऱ्याच्या मेटाडोरवर ड्रायव्हर होता. त्याचं घराणं मूळ धुळ्याकडच्या खेड्यातलं. वडील डाळमिलमध्ये मुकादम म्हणून जळगावात आलेले, पण घरात बोली अहिराणीच. वडलांना सगळी गल्ली आबा म्हणायची. आबा रागावले तरी आवाज चढवत नसत. ते नुसते गप्प होत, आणि एकदा गप्प झाले की घरातली भांडीसुद्धा दबकत वाजायची. मला त्या माणसाचा राग यायचा आणि त्याच्याबद्दल आदरही वाटायचा. यातलं जास्त काय होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

थोरला भाऊ म्हणजे आमचा गुरू. तो लेथवर काम करायचा आणि पहाटे मेहरूण तलावाच्या काठाने आम्हाला सायकल मारायला शिकवायचा. सायकल कसली, तर घरची साधी काळी सायकल, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर काढून टाकलेली. धुळ्याला पंधरा ऑगस्टला एक व्यायामशाळा सायकल शर्यत घ्यायची, तिच्यात तो एकदा दुसरा आला होता. त्याचं एक मत होतं, की शर्यत बघायची तर ती परतीच्या वळणावरून बघावी. शेवटी शेवटी सगळेच जीव खाऊन पळतात, त्यात काही कळत नाही. कोणाच्या अंगात किती दम उरलाय ते वळणावर दिसतं. हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा, की आम्ही तलावाच्या प्रत्येक वळणावर उगाच दमदार दिसायचा प्रयत्न करायचो.

मग तो धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला, आणि तिथे समोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईच्या मुलीशी त्याने लग्न केलं. मुलगी दुसऱ्या समाजातली. घरी कळलं ते लग्न होऊन गेल्यावर. आबा गप्प झाले. त्या श्रावणात गहू मोजताना मी तिथेच ओट्यावर बसलेलो होतो, कारण बघायला बाहेरच्याला बंदी नव्हती. माय सूप धरून बसली होती आणि आबा एकेक नाव घेऊन मूठ टाकत होते. थोरल्याच्या नावाला माय थांबली. आबा म्हणाले, "त्यानं माप नको." म्हणजे थोरल्याचं माप टाकायचं नाही. मायने सूप जरा हलवून गहू सारखे केले आणि पुढच्या नावासाठी धरलं. पुढची दोन वर्षंही तसंच झालं.

एखाद्याला घरातून काढायचं तर लोक आरडाओरडा करतात, सामान रस्त्यावर फेकतात. आबांनी नुसती एक मूठ टाकली नाही. मला तेव्हा ते फार क्रूर वाटलं होतं.

आणि मग त्या वर्षी, ज्या वर्षाबद्दल मी सांगतोय, गहू मोजताना आबांनी थोरल्याचं नाव घेतलं. मी नव्हतो, पण मित्र सांगायचा की आबांनी सव्वा मूठ टाकली आणि पुढचं नाव घेतलं. संध्याकाळी डाळमिलमधून आल्यावर चप्पल काढता काढता ते मित्राला म्हणाले, "पंधरा ऑगस्टले धुयाले जाई राह्यना ना? त्याले सांग, माप टाकेल शे." धुळ्याला चाललायसच, तर त्याला सांग, माप टाकलंय; बस, तेवढंच. माय आत जाऊन रडली. मित्र धावत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भो, तूबी शर्यतीत नाव घाल. माले एकट्याले जमणार नाही."

शर्यतीत नाही, बोलण्यात. एवढं मला तेव्हाही कळलं.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट शुक्रवारी होता आणि कानबाई त्याच रविवारी. मित्राने मालकाकडे गळ घालून धुळ्याची खेप मागून घेतली. गुरुवारी सकाळी आम्ही रिकामी मेटाडोर घेऊन यावलला गेलो. तिथल्या बागेतून केळीचे घड भरायला दुपार झाली. मजूर खांद्यावर घड घेऊन यायचे, आम्ही पानं अंथरून रचायचो. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात जात नाही, हे ठाऊक असूनही मी शर्यतीसाठी घेतलेला नवा पांढरा बनियन घालून भरायला उभा राहिलो. मजुरांनी माझी यथेच्छ टिंगल केली. एक म्हातारा म्हणाला, लग्नाला चालला का रे बाबा? दोन्ही सायकली आम्ही वर ताडपत्रीवर पानांच्या गादीवर आडव्या बांधल्या. मित्राने भावाची सायकल घेतली होती. ती इतकी वर्षं त्यांच्या पडवीत खुंट्यांना टांगलेली होती आणि माय दर दिवाळीला ती फडक्याने पुसायची.

तापी ओलांडली, जळगाव मागे गेलं, एरंडोल गेलं. रस्ता खड्ड्यांचा, वर माल नाजूक, त्यामुळे मेटाडोर बैलगाडीच्या चालीने चाललेली. कापूस गुडघ्याएवढा आला होता आणि ऊन-सावली चालू होती. असा प्रवास मला एरवी आवडला असता. पण मित्र स्टिअरिंग धरून सारखा उजळणी करत होता. "भो, पहिले काय सांगू? आबांनी सांगितलं असं सांगू, का माप टाकलं असं सांगू?" मी म्हटलं, दोन्ही एकदमच सांग. मग थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. पारोळ्याला चहा प्यायला थांबलो तर चहावाल्याच्या देखत त्याने मलाच भाऊ समजून बोलून दाखवलं. चहावाला आमच्याकडे बघत राहिला.

मी विचारलं, "सरळ त्याच्या घरी जाऊन का नाही सांगत? शर्यतीचं लचांड कशाला?"

त्याने एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "तीन वर्षांत एकदाबी गेलो नाही रे. आबांना भ्यालो. आता कोणत्या तोंडानं कडी वाजवू? रस्त्यावर कसं, तो माले पाहीन, सायकल पाहीन, मग आपोआप बोलणं होईन. तो वळणावर उभा राहीनच. त्याच्याशिवाय त्याचा पंधरा ऑगस्ट होत नाही."

त्याने रिकाम्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. अशा वेळी काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही आणि सुचलं तर भलतंच सुचतं.

धुळ्याच्या बाजारात माल उतरवून आम्ही मेटाडोरमध्येच झोपलो आणि सकाळी शर्यतीच्या मैदानावर गेलो. झेंडावंदन झालं, एका पाहुण्याने लांबलचक भाषण केलं. सायकलवाले उन्हात ताटकळत उभे. त्यात दूधवाले होते, तालमीतले पहिलवान होते, एक पोस्टमन होता, एकजण पायजमा मोज्यात खोचून आला होता. कापडावर रंगवलेले नंबर आमच्या छातीला टाचणीने लावले. मला वाटलं, पायजमावाल्याला तरी आपण मागे टाकू. शिट्टी वाजली आणि पायजमावाला बघता बघता दिसेनासा झाला.

शर्यत आग्रा रोडने एका खेड्यापर्यंत जाऊन परत यायची होती. तिथे रस्त्याच्या मधोमध डांबराचं रिकामं पिंप ठेवलेलं, त्याला वळसा घालून माघारी फिरायचं. ट्रक आमच्या अंगाला घासून जात होते. माझ्या पायात गोळे यायला लागले तेव्हा मित्र केव्हाच पुढच्या घोळक्यात होता. लांबून त्याची पाठ दिसायची. तो फार सुरेख सायकल मारायचा, खांदे न हलवता, थोरल्यासारखाच. मला त्या क्षणी खरंच वाटलं, की आज सगळं नीट होणार. हा पहिला येणार, भाऊ बघणार, आणि रविवारी त्यांच्या घरात सगळे एका ओळीत बसणार. मी दारातून परत जाईन, पण खुशीने जाईन.

मी वळणाशी पोचलो तेव्हा पुढचे सगळे परत गेले होते. पिंपाजवळ मित्राची सायकल रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. मला वाटलं, पडला बिचारा. पण तो धडधाकट उभा होता, आणि त्याच्यासमोर भाऊ. नंतर कळलं, भावाने त्याला येताना बघितलं आणि "थांबू नको, चाल, चाल" असं ओरडत हात हलवला, आणि हा चौथ्या नंबरवर होता तो तिथेच उतरला.

भाऊ त्याच्यावर चिडला होता. "शर्यत सोडीसन उतरना? हाईच शिकाडं का मी तुले?" असं म्हणत होता, पण त्याचा हात मित्राच्या मानेवर होता. तो जरा सुटला होता, कपाळावरचे केस मागे गेले होते. मला बघून हसला आणि म्हणाला, "हाबी उना का? मंग शर्यतना शेवट व्हयना." त्याच्या मागे थोड्या अंतरावर त्याची बायको उभी होती. बारीक चणीची, डोक्यावर पदर, हातात पाण्याची कळशी. आलेल्या-गेलेल्या सगळ्या सायकलवाल्यांना तिने पाणी दिलं होतं. तिने मलाही दिलं. लिंबू-साखर घातलेलं पाणी होतं ते.

मित्राने इतकी उजळणी केली होती, पण ऐनवेळी सगळं विसरला. नुसता म्हणाला, "भाऊ, रविवारे कानबाई शे. घर ये."

भावाचा हात मानेवरून खाली आला. आबांनी सांगितलंय, की हा आपला आपणच आलाय, हे त्याला आधी हवं होतं. "आबानी सांगं, का तूच उना?"

"आबानीच सांगं. माप टाकेल शे तुनं."

एक ट्रक गेला, त्याची धूळ बसली. माणसाला रडू येतंय आणि चारचौघांत रडायचं नाही, तेव्हा तो जसा घसा खाकरतो तसा भावाने खाकरला. आता हा हो म्हणणार, असं मला वाटलं. मित्रालाही वाटलं असणार, कारण त्याचा चेहरा उजळला होता.

मग भावाने मागे बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "आनि हाई? हिले वाढतीन का?"

प्रश्न साधा होता. सरळ होता. मित्राला उत्तर माहीत नव्हतं. आबांनी थोरल्याचं माप टाकलं होतं, पण बायकोबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि आबांनी न बोललेलं बोलायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. रोट बाहेरच्याला देत नाहीत. ही बाई बाहेरची की घरची, हे ठरवणारा माणूस जळगावात आपल्या ओट्यावर बसलेला. मित्राने खोटं सांगितलं असतं तर? मी नंतर कितीतरी वेळा हा विचार केला. पण त्याला खोटं येत नव्हतं. तो मान खाली घालून सायकलच्या पॅडलकडे बघत राहिला.

ती बाई हे सगळं ऐकत होती. ती पुढे आली आणि शहरी बोलीत हळूच म्हणाली, "राहू द्या, भाऊजी. तुम्ही आधी शर्यत पूर्ण करा. लोक थांबले असतील."

तिचं ते बोलणं मला फार लागलं. तिला लागलं होतं म्हणूनच मला लागलं. तिने भाऊजी म्हटलं आणि माझ्या मित्राला तिला वहिनी म्हणणंही सुचलं नाही.

भाऊ म्हणाला, "इचारीसन ये. ती येवाव व्हई तं मी येसू. नही तं आठेच बरा शे." ती येणार असेल तरच येईन, नाहीतर इथेच बरा आहे, हे तो रागावून नाही, अगदी शांतपणे म्हणाला. आबांचाच मुलगा तो. मग त्याने सायकल उचलली, चेन बघितली, पुढच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघितली आणि मित्राच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघं जोडीने सायकल मारत होतो. मित्र रडत होता. सायकल मारताना रडणाऱ्या माणसाला डोळेही पुसता येत नाहीत. मैदानावर पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मंडप उतरवणं चाललं होतं. उरलेल्या चार-दोन लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आम्हाला त्या टाळ्या नको होत्या.

संध्याकाळच्या आत मेटाडोर मालकाच्या दारात उभी करायची होती, म्हणून लगेच निघालो. रिकामी गाडी खड्ड्यांत आदळत होती आणि मागे सायकली एकमेकींवर आपटत होत्या. जाताना जो माणूस गप्प बसायला तयार नव्हता, तो येताना जळगावपर्यंत एक शब्द बोलला नाही.

घरी पोचलो तर आबा ओट्यावर बसलेले. माय दारात. तिने पहिल्यांदा विचारलं, "बारीक व्हयना का रे तो?" मित्र म्हणाला, नाही, सुटलाय. माय जरा हसली. मग आबांनी आमच्याकडे न बघता विचारलं, "येवाव शे का?"

मित्राने खाली बघत सांगितलं, की भावाने विचारलंय, वहिनीला वाढाल का.

"मंग तू काय सांगं?"

"काहीच नही सांगं."

मी तोवर आबांना गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ते म्हणाले, "आरे, बायको नवराना मापम्हाच राहस. तिनं येगळं माप कवय टाकतस आपन? तुनी मायनं माप कवय दखं का तू?"

मित्र मायकडे बघायला लागला. मीही बघायला लागलो. खरंच, सुपात नावं पडायची ती सगळी पुरुषांची. आबांचं, मित्राचं, चुलत्यांचं, त्यांच्या पोरांचं. मायचं नाव कोणी घ्यायचं नाही आणि तरी माय दर वर्षी त्या पंक्तीत बसायची. ती आबांच्या सव्वा मुठीतलं जेवायची. त्या घरात लहानाचा मोठा झालेल्या पोराला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण पोरांचं ताट आयतं वाढून यायचं. आबांनी थोरल्याच्या नावाने मूठ टाकली तेव्हाच त्यांनी सुनेला घरात घेतलं होतं. ते त्यांच्या दृष्टीने इतकं उघड होतं, की तोंडाने सांगायची गरजच नव्हती. आणि सांगायला त्यांना जडही गेलं असतं, हेही खरं.

शनिवारी सकाळी आबा स्वतः निघाले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी. तीन वर्षं ज्याचं नाव काढलं नाही त्या मुलाला आणायला ते मित्राला घेऊन एसटी स्टँडवर गेले. रात्रीत वरच्या बाजूला कुठेतरी जोराचा पाऊस झाला होता आणि वाटेतल्या कुठल्याशा पुलावरून पाणी चाललं होतं. धुळ्याकडच्या गाड्या बंद. आता सुटेल, मग सुटेल, असं कंट्रोलर सांगत राहिला. दुपारी मी डबा घेऊन गेलो तर आबा बाकावर ताठ बसलेले, टोपीसुद्धा काढली नव्हती. मी म्हटलं, आबा, दोन घास खाऊन घ्या. ते म्हणाले, "तठेच जेवसू." तिथेच, म्हणजे सुनेच्या हातचं. दिवे लागले तेव्हा मित्राने त्यांना हाताला धरून घरी आणलं.

रविवारीही गाड्या बंदच होत्या, आणि घरात कानबाई बसली. त्या वर्षी मी दारातून परत गेलो तेव्हा माय हसली नाही. थोरल्याच्या मापाचं जे झालं ते सगळ्यांनी मिळून संपवलं, कारण रोट उरवायचे नसतात. मित्र म्हणाला, आबा सगळ्यांत शेवटी उठले. मग आबाच म्हणाले, आता पुढच्या श्रावणात बघू. सण झाल्यावर बोलावणं नेण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. मित्रही मध्ये दोनदा धुळ्याची खेप घेऊन गेला, पण आबाच येणार म्हटल्यावर आपण कशाला मध्ये पडा, म्हणून भावाकडे गेला नाही.

पुढचा श्रावण आबांना दिसला नाही. थंडीत एका सकाळी अंघोळ करून ते देवापुढे बसले आणि तिथेच कलंडले. डाळमिलच्या मालकाने धुळ्याला माणूस पाठवला. भाऊ आणि वहिनी आले तेव्हा आबांना नेण्याची तयारी झाली होती. वहिनी उंबऱ्याबाहेरच थांबली. मायने तिला आत ओढून घेतलं आणि तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो होतो. सगळं आटोपल्यावर नातेवाईक पुढे निघाले आणि आम्ही तिघं मागे राहिलो. भावाने राखेने भरलेले हात धुतले आणि तसेच ओले हात घेऊन मित्राला विचारलं, की मी विचारायला सांगितलं होतं, तू विचारलं का नाही?

मित्राने सगळं सांगितलं. आबा काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं, मायचं माप कधी बघितलं का, हेही सांगितलं. स्टँडवरचा अख्खा दिवस सांगितला. मग म्हणाला, "भाऊ, माले माहीत नव्हतं रे. माहीत ऱ्हातं तं वळणवरच सांगी दिलं असतं."

भाऊ खाली बसला. त्याने मातीत बोट फिरवलं. तो त्या घरातला थोरला, मित्रापेक्षा कितीतरी जास्त वर्षं त्या पंक्तीत जेवलेला.

"माले तरी कोठे माहीत व्हतं," तो म्हणाला. "माहीत ऱ्हातं तं मी इचारं नसतं."